दगडांची साक्ष : कर्नल विल्यम हेन्री साइक्स

पुणे शहर ज्या काळ्या पाषाणावर उभे आहे, तो आपल्या इतक्या नित्य परिचयाचा आहे की त्यालाही काही इतिहास असेल हे सहसा मनात येत नाही. बिबवेवाडीच्या एका अंगाला तळजाई आणि पर्वतीच्या टेकड्या, दक्षिणेला कात्रजचा डोंगर. घराचा पाया खणताना मुरूम संपला की लागणारा टणक कातळ. जुन्या वाड्यांची जोती, नदीवरचे घाट आणि कार्ले-भाजे येथील लेणी. हे सारे त्या एकाच पाषाणाचे. हा कातळ कोठून आला, त्याचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक का रचले गेले, असे प्रश्न पुण्यात राहून पद्धतशीरपणे विचारणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

भूशास्त्राच्या ग्रंथांत साइक्स यांचा उल्लेख दख्खनच्या पाषाणाचे वर्णनकार म्हणून येतो. पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत एका चंडोलाच्या नावात तो येतो. परंतु याच माणसाने जुन्नर परिसरातील शिलालेखांच्या नकला विद्वानांपुढे ठेवल्या आणि प्राचीन भारतातील बौद्ध धम्माच्या व्याप्तीविषयी १८४१ साली एक विस्तृत निबंध लिहिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हणून आपल्या स्मरणिकेत या चरित्राला स्थान देणे उचित वाटते.

बालवयातील सैनिक

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. घराणे इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात १८०४ साली त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. आज ज्या वयात आपला विद्यार्थी नववीच्या वर्गात बसतो, त्या वयात हा मुलगा समुद्र ओलांडून परक्या देशात तलवार बांधून उभा राहिला. पुढच्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात तो होता. विद्यापीठाचे शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. जे शिकायचे ते छावणीत, प्रवासात आणि माणसांशी बोलून. हिंदुस्थानी आणि मराठी या भाषांच्या परीक्षा देऊन साइक्स दुभाष्याच्या कामास पात्र ठरले. पुढील आयुष्यात त्यांना सर्वांत अधिक उपयोग झाला तो या मराठीचा.

१८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात खडकी आणि पुणे येथे पेशव्यांच्या फौजेशी कंपनीच्या लढाया झाल्या. या लढायांत साइक्स यांनी एतद्देशीय शिपायांचे नेतृत्व केले. याच युद्धात १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे जो रणसंग्राम झाला, त्याची स्मृती आपल्या समाजाने जपली आहे. पेशवाईचा अंत झाला आणि दख्खनवर कंपनीचा अंमल बसला. १८२० साली साइक्स रजेवर युरोपात गेले आणि तेथे सुमारे चार वर्षे त्यांनी प्रवास केला.

जीवाश्मांचे नवे शास्त्र

तो काळ युरोपात भूशास्त्राच्या उदयाचा होता. लंडनची भूशास्त्रीय संस्था १८०७ साली स्थापन झाली होती. खडकांत सापडणारे शिंपले, हाडे आणि वनस्पतींचे ठसे, म्हणजेच जीवाश्म, हे निसर्गाचे खेळ अथवा प्रलयाच्या कथांचे पुरावे मानण्याची वृत्ती मागे पडत होती. हा बदल घडवून आणणाऱ्यांत सारेच धनवान अथवा पंडित नव्हते. विल्यम स्मिथ हा एका लोहाराचा मुलगा. कालव्यांच्या खोदाईची मोजणी करताना त्याच्या ध्यानात आले की प्रत्येक थरात ठरावीक प्रकारचेच जीवाश्म असतात आणि त्यांच्या आधारे दूरदूरचे थर परस्परांशी जुळवता येतात. १८१५ साली त्याने इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. तरीही उच्चभ्रू विद्वानांनी त्याला दीर्घकाळ आपल्यात घेतले नाही. कर्जापायी त्याला तुरुंगवासही घडला. त्या संस्थेने त्याचा गौरव केला तो १८३१ साली. लाइम रेजिस या गावातील मेरी अ‍ॅनिंग ही सुताराची मुलगी. समुद्रकाठच्या कड्यांतून तिने प्राचीन सागरी सरीसृपांचे सांगाडे खोदून काढले, पण स्त्री म्हणून त्या संस्थेचे दार तिला कधीच उघडले नाही. ज्ञानाच्या दारावरचे पहारे केवळ आपल्याच देशात होते असे नाही.

आपल्याकडेही जीवाश्म अनोळखी नव्हते. गंडकी नदीच्या पात्रात सापडणारा शाळिग्राम हा वस्तुतः अमोनाइट नावाच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या सागरी जीवाचा जीवाश्म आहे. तो देव्हाऱ्यात बसला, त्याची पूजा झाली. पण समुद्रातील हा प्राणी हिमालयात कसा आला, हा प्रश्न देव्हाऱ्यापाशी कोणी विचारला नाही. साइक्स यांच्या यॉर्कशायरमधील लोकही अशाच दगडांना एका संत स्त्रीने शाप देऊन दगड केलेले साप समजत असत. फरक पडला तो एवढाच, की तेथे कोणीतरी दगड हाती घेऊन कथेवर शंका घेतली.

पुण्यातील कार्य

भारतात परतल्यावर १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांची सांख्यिकी अहवालकार म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतील जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान आणि प्राणिसृष्टी यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम. पुढील सहा वर्षे त्यांनी या प्रदेशात सतत भ्रमंती केली. याच काळात, १८२७ साली, पुण्याच्या माळी समाजात जोतीराव फुले यांचा जन्म झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

साइक्स यांनी पाहिलेला दख्खनचा डोंगर हा सपाट माथ्याचा आणि टप्प्याटप्प्यांचा आहे. कठीण कातळाचा उभा कडा, त्याखाली मऊ खडकाचा उतार, पुन्हा कडा, अशी त्याची रचना. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून अशा खडकांना ट्रॅप असे नाव पडले. हे थर मैलोगणती जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. कोठे पाषाणाचे कोनदार खांब दिसतात, कोठे पोकळ्यांत गारगोट्या आणि झिओलाइटचे स्फटिक, कोठे दोन थरांमध्ये लालसर मातीचा पट्टा. लाव्ह्याचा एक थर निवाला, ऊन-पावसाने झिजला, त्याची माती झाली आणि मग त्यावर दुसरा लोट आला, असा त्या लाल पट्ट्याचा अर्थ आज आपण जाणतो. दख्खनच्या या भागाविषयीचा साइक्स यांचा निबंध १८३३ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे आला आणि दख्खन ट्रॅप ही संज्ञा अभ्यासकांत रूढ होत गेली. हे खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, हे कळण्याची साधने मात्र त्या काळी कोणापाशीच नव्हती.

पुण्याच्या कातळात जीवाश्म जवळजवळ नाहीत. उकळत्या लाव्ह्यात जीव टिकत नाही. दोन लोटांच्या मधल्या शांत काळात जेथे तळी साचली, तेथेच ते मिळतात. नागपूरजवळच्या टाकळीला असे शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष पुढे १८५० च्या दशकात स्टीफन हिस्लॉप यांनी अभ्यासले. त्यांच्याच नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे. साइक्स यांचा जीवाश्मांशी संबंध आला तो कच्छमधून. मुंबई लष्करातील कॅप्टन वॉल्टर स्मी यांनी कच्छमध्ये जमवलेल्या जीवाश्मांचे टिपण साइक्स यांनी भूशास्त्रीय संस्थेला सादर केले आणि ते १८४० साली संस्थेच्या ग्रंथात छापले गेले. पश्चिम भारतातील जीवाश्मांचा अभ्यास अशा प्रारंभिक टिपणांतून उभा राहिला.

प्राण्यांच्या बाबतीत साइक्स यांची एक सवय विशेष उल्लेखनीय आहे. स्थानिक लोक ज्या नावाने प्राण्याला ओळखतात, ते नाव ते आवर्जून नोंदवीत. दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन करताना त्यांनी कोळसून हे मराठी नाव दिले. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या खोऱ्यातील माशांना शास्त्रीय नावे देताना तर खुद्री, कोळस, मुसुल्ला असे स्थानिक शब्दच त्यांनी लॅटिन पद्धतीने वापरले, आणि ती नावे जगभरच्या ग्रंथांत आजही चालतात. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मासा ओळखून त्याचे नाव सांगणारा कोळी अथवा भोई, जंगलाची वाट दाखविणारा भिल्ल किंवा ठाकर, गावाच्या शिवेची खूण दाखविणारा महार, यांच्या ज्ञानावर असे सर्वेक्षण उभे असते. शिवेचा वाद निघाला की ज्याची साक्ष गाव प्रमाण मानी, त्यालाच वेशीच्या आत वस्ती करण्याची मुभा नव्हती. अहवालावर मात्र एकट्या साहेबाचे नाव लागले.

१८२९ च्या डिसेंबरात काटकसरीसाठी कंपनीने हे पदच रद्द केले. साइक्स यांनी काम अर्ध्यावर टाकले नाही. परवानगी मिळवून १८३१ च्या जानेवारीपर्यंत त्यांनी ते पूर्णत्वास नेले आणि मगच मायदेशाची वाट धरली.

नाणेघाट आणि जुन्नर

१८२८ च्या उन्हाळ्यात जुन्नरजवळच्या नाणेघाटात साइक्स यांनी एक लेणे पाहिले. सह्याद्रीचा माथा फोडून कोकणात उतरणारी ही प्राचीन व्यापारी वाट. लेण्याच्या भिंतींवर कोरलेल्या लांबलचक लेखाची अक्षरे वाचू शकणारा माणूस तेव्हा जगात कोणी नव्हता. ब्राह्मी लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडले ते १८३७ साली. साइक्स यांनी अक्षरे जशी दिसली तशी उतरवून घेतली. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेख या शीर्षकाखाली या नकला रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यापूर्वी वेरूळच्या लेण्यांविषयीही त्यांनी लिहिले होते आणि ते १८२३ साली मुंबईच्या साहित्य संस्थेच्या ग्रंथात छापले गेले होते.

यानंतर १८४१ साली त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निबंध आला. मुसलमानी स्वाऱ्यांपूर्वीच्या भारताची धार्मिक, नैतिक आणि राजकीय स्थिती हा त्याचा विषय. इसवी सन ३९९ मध्ये चीनहून निघालेला बौद्ध भिक्षू फाहियान याच्या प्रवासवर्णनाचे फ्रेंच भाषांतर नुकतेच उपलब्ध झाले होते. टर्नर यांनी सिंहलमधील महावंस प्रकाशात आणला होता. अशोकाचे शिलालेख वाचले गेले होते. या साधनांना नाण्यांची आणि लेण्यांची जोड देऊन साइक्स यांनी असे प्रतिपादन केले की प्राचीन भारतात दीर्घकाळ बौद्ध धम्माचा प्रभाव सर्वत्र होता. देशातील सर्वांत जुने लेख बौद्धांचे आहेत आणि ते संस्कृतात नसून लोकभाषेत आहेत. ब्राह्मणी ग्रंथ स्वतःला जेवढे प्राचीन सांगतात तेवढ्या प्राचीनतेचा दगडी पुरावा त्यांच्यापाशी नाही. जो थर खाली, तो अधिक जुना. आणि कोणाच्या सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष सापडलेली वस्तू अधिक विश्वासार्ह. डोंगराच्या कड्याला लावलेली ही कसोटी त्यांनी येथे इतिहासाला लावली.

या निबंधाच्या काळातच तरुण अलेक्झांडर कनिंगहॅम फाहियानच्या वर्णनाचा मागोवा घेत प्राचीन संकस्स नगरीच्या अवशेषांपर्यंत पोहोचले. त्या शोधाचा वृत्तांत त्यांनी साइक्स यांनाच पत्ररूपाने लिहिला आणि तो १८४३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हेच कनिंगहॅम १८६१ साली भारताचे पुरातत्त्व सर्वेक्षक झाले आणि पुढे अनेक विस्मृत बौद्ध स्थळे ओळखली गेली. या परंपरेच्या उगमापाशी साइक्स यांचेही नाव आहे.

पुराव्याची दुसरी बाजू

येथपर्यंतची हकीकत आपल्याला सुखावणारी आहे. म्हणूनच पुढचा भाग सांगणे हे इतिहासाच्या शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

नाणेघाटातला तो लेख पुढे भगवानलाल इंद्रजी आणि अन्य विद्वानांनी वाचला. तो बौद्ध नव्हता. सातवाहन राणी नागनिका हिच्याशी निगडित असलेल्या त्या लेखात इंद्र, संकर्षण, वासुदेव इत्यादींना वंदन आहे आणि अनेक वैदिक यज्ञांची व दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची मोजदाद आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख. म्हणजे साइक्स यांनी स्वतः जगापुढे आणलेल्या दगडानेच त्यांच्या मताला मर्यादा घातली. त्या लेखातील अंक हे भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत, ही त्याची आणखी एक थोरवी. संस्कृत शिलालेखांविषयीची त्यांची कल्पनाही टिकली नाही. रुद्रदामनाचा जुनागढचा संस्कृत लेख इसवी सन १५० च्या सुमाराचा आहे. पालीलाच संस्कृतची पूर्वज मानण्याचे त्यांचे मत भाषाशास्त्राने स्वीकारले नाही. फाहियानच्या वर्णनातही केवळ विहारांचे वैभव नाही. नगराबाहेर राहणाऱ्या आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देणाऱ्या चांडाळांची नोंद त्यानेच करून ठेवली आहे.

मग साइक्स यांचे काम वाया गेले काय? मुळीच नाही. त्याच जुन्नरच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांच्या लेखांनी नंतर जे सांगितले ते कोणत्याही पुराणाने सांगितलेले नाही. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धम्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याची नोंद तेथे आहे. ज्यांच्या हातांना पोथीने मान दिला नाही, त्यांच्या पतीवर विश्वास ठेवल्याची साक्ष दगडाने दिली. दगड कोणाचाच पक्षपात करीत नाही. नाणेघाटचा लेख आणि लेण्याद्रीचा लेख हे एकाच मुलखाचे. एक मानायचा आणि दुसरा झाकायचा, असे करता येणार नाही.

बाबासाहेबांनी द अनटचेबल्स हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. त्यात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना फाहियान आणि ह्युएन त्संग या दोघांच्याही नोंदी त्यांनी तपासायला घेतल्या. आपल्या मताला अडचणीची वाटेल अशी साक्ष त्यांनी टाळली नाही. तिला समोर घेऊन तिचा अर्थ लावला. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, की परंपरा, ग्रंथ अथवा गुरू यांच्या अधिकारावर विसंबू नका, तो केवळ दुसऱ्यांच्या ग्रंथांना लागू पडत नाही. आपल्याला प्रिय असलेल्या मतालाही तो तितकाच लागू आहे.

उत्तरायुष्य

मायदेशी परतल्यावर साइक्स १८३४ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ साली प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ जमीनधारणेवरील लेखन आले. त्यात थळ, मिरास आणि उपरी यांची चर्चा आहे. १८४० साली ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ साली अध्यक्ष. १८५७ पासून मृत्यूपर्यंत अ‍ॅबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ते पार्लमेंटमध्ये होते. १८५८ साली रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

साइक्स हे कंपनीचे चाकर होते हे विसरून चालणार नाही. त्यांनी जमवलेले आकडे राज्यकर्त्यांच्या तिजोरीसाठी होते आणि ज्या कंपनीचे ते अध्यक्ष झाले, तिच्या महसुलाखाली दख्खनचा कुणबी पिचला. व्यक्तिपूजेसाठी हे चरित्र सांगितलेले नाही. राज्यकर्त्याच्या हेतूने निघालेला माणूसही डोळसपणे पाहू लागला, तर त्याच्या हातून हेतूपलीकडचे काम घडते, आणि डोळस माणसाचीही चूक होते, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

आपल्या वसतिगृहातील मुले-मुली पुढे इतिहासाकडे जातील अथवा विज्ञानाकडे. त्यांना दोन्हीकडे हाच कातळ भेटणार आहे. तळजाईच्या टेकडीवरचा थर पाहताना कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, हे त्यांनी स्वतः ओळखावे. जुन्नरची सहल निघाली तर लेण्याद्रीबरोबर नाणेघाटही पाहावा, दोन्ही लेख काय सांगतात ते समजून घ्यावे आणि मग आपले मत बनवावे. ज्या समाजाला शतकानुशतके वाचण्यापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांनी दगडावरचे अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे आणि जसे असेल तसे सांगावे, यापरते दुसरे मोठे उत्तर नाही.